सभासदाची बायको

तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून दादा घरी आले. हातात एक टोपी, एक पेन, एक वही आणि जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र. वही जवळजवळ कोरीच होती. पहिल्या पानावर वर तारीख होती आणि खाली मोठ्या अक्षरांत 'छत्तीस तास' असे दोन शब्द, बास. प्रमाणपत्रावर मात्र दादांचं नाव नक्षीदार अक्षरांत होतं. यांनी पर्यावरणपूरक कॉफी उत्पादनाचं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे, असं त्याखाली लिहिलं होतं.

आता गंमत बघा. दादांची कॉफीची बाग दीड एकराची. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झाडं. त्यांची पिकलेली लाल फळं तेवढी वेचायची आणि हिरवी फांदीवरच ठेवायची, हे काम करतात वहिनी. यंत्राचा दांडा फिरवून फळांची साल काढतात वहिनी. दाणे आंबवणं, धुणं, जाळीवर पसरून दिवसातून आठ वेळा हात फिरवणं, हेही वहिनींचंच. सालींचं खत करून ते झाडांच्या बुंध्याशी परत नेऊन घालतात, त्याही वहिनीच. दादा काय करतात? दादा पोतं मोटारसायकलवर घालून कॉफी उत्पादकांच्या संघात पोचवतात आणि सही करतात. हे काम कमी आहे असं कुणी म्हणत नाही. पोतं चांगलं जड असतं. पण प्रशिक्षण पोतं उचलण्याचं नव्हतं, एवढंच आमचं म्हणणं.

"काय काय शिकवलं?" पाण्याचा ग्लास पुढे करत वहिनींनी विचारलं.

"बरंच काही. तुला सांगून कळायचं नाही."

"टाकीत दाणे किती वेळ ठेवायचे, ते सांगितलं असेल ना?"

"छत्तीस तास." दादांनी वही उघडून पुरावा दाखवला. "शास्त्रीय आकडा आहे. त्याच्या आधी काढायचे नाहीत."

वहिनी दचकल्या. का, ते सांगायला हवं. कॉफीच्या फळाची साल काढली की आतल्या दाण्यावर बुळबुळीत गर राहतो. दाणे टाकीत झाकून ठेवले की तो आंबून आपोआप सुटतो आणि मग दाणे धुऊन वाळत घालतात. घाई केली तर गर सुटत नाही. उशीर झाला तर दाण्याला आंबूस, कुजका वास लागतो आणि तो कशानेही जात नाही. वर्षभराची मेहनत या एका वेळेवर तरते नाहीतर बुडते. वहिनी ही वेळ हाताने ओळखत. टाकीत हात घालायचा, मूठभर दाणे चोळायचे. बुळबुळले तर थांबायचं. खडे घासल्यासारखे करकरले की लगेच धुवायचे. बावीस वर्षांत त्यांची वेळ कधी चुकली नव्हती.

"अहो, आपल्याकडे हवा गरम. विसाव्या तासाला दाणे करकरायला लागतात. छत्तीस तास ठेवले तर नासतील."

"प्रमाणपत्र कुणाला मिळालंय? तुला की मला?"

घरोघरी मातीच्या चुली! वस्तीतल्या अकरा घरांमधून अकरा सभासद प्रशिक्षणाला गेले होते. त्या संध्याकाळी अकराही घरांत थोड्याफार फरकाने हाच संवाद झाला आणि अकराही ठिकाणी याच वाक्यावर येऊन थांबला.

वहिनींची चूक लपवायची नाही. त्यांनी ऐकलं. विसाव्या तासाला त्यांनी झाकण उघडलं, दाणे चोळले. दाणे करकरले. त्यांनी दादांकडे पाहिलं, दादांनी घड्याळाकडे पाहिलं आणि वहिनींनी झाकण पुन्हा लावलं. छत्तीस तासांनी ते उघडलं तेव्हा नाकाला रुमाल लावावा असा वास सुटला होता.

"असाच असतो वास," दादा म्हणाले.

* * *

खरेदीदार कंपनीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. सगळ्या वस्तीचा माल परत. दाण्यांना आंबूस वास आहे, पंधरा दिवसांत दुसरा माल पाठवा, तोही असाच निघाला तर संघाशी संबंध संपला. एवढंच लिहिलं होतं, पण वस्तीची झोप उडवायला तेवढं पुरेसं होतं. सावलीतली, औषधं न फवारलेली कॉफी घेणारी ती एकच कंपनी होती. ती गेली तर पुढे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. सावलीची झाडं तोडा, उघड्या रानात लावा, फवारा मारा, असं सांगणारे दलाल दारात उभेच होते.

संघाच्या खोलीत सभा भरली. सभासद आत बाकांवर. बायका नेहमीप्रमाणे बाहेर खिडकीशी, पायांत चिखलाचे बूट तसेच. आत बसायला त्यांना कुणी मनाई केली होती असं नाही. पण सभासद ज्याच्या नावावर जमीन तो, आणि खुर्ची सभासदाला, असा शिरस्ता. जमीन कुणाच्या नावावर होती ते विचारायलाच नको.

सचिवांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पुसला. हे गृहस्थ हिशोबाला चोख, वागायला सज्जन. फक्त छापील कागदापुढे त्यांना माणूस दिसत नसे.

"सभासदांनी प्रशिक्षण घेतलं होतं. म्हणजे चूक त्यांची नाही," ते म्हणाले. "तेव्हा घरच्या बायकांनीच हलगर्जीपणा केलेला दिसतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण आत माना हलल्या. दादांचीही हलली. ठराव झाला. दुसरा माल घरोघरी न आंबवता संघाच्या मोठ्या टाकीत आंबवायचा, आणि प्रशिक्षित सभासदाच्या देखरेखीशिवाय कुणाही बाईने टाकीला हात लावायचा नाही.

"मला एक विचारायचंय," खिडकीतून आवाज आला. वहिनींचा. "छत्तीस तास हा आकडा आला कुठून? आम्ही—"

"वहिनी, सभासद नसलेल्यांनी सभेत बोलू नये," सचिव म्हणाले. "नियम आहे."

"बावीस वर्षं दाणे आम्ही आंबवतो. मग संघाच्या लेखी मी कोण?"

सचिवांनी खरंच रजिस्टर उघडलं. पान उलटलं, बोट फिरवलं आणि अतिशय प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

"सभासदाची बायको."

खोलीभर हशा पिकला. सचिवांच्या मनात विनोद नव्हता, पण लोकांना तो वाटला. वहिनी खिडकीतून एकाच माणसाकडे बघत होत्या. तोही हसत होता.

* * *

घरी येऊन वहिनींनी कुणाशी भांडण केलं नाही. जाळीवर उरलेले, वास मारणारे दाणे त्या पोत्यात भरत बसल्या. खताच्या खड्ड्यात टाकायला. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं आंबट पाण्यात राहून इतकी गुळगुळीत झाली होती, की आता त्यांना दाणा चिकट की खरखरीत ते कळत नसे. जीभ मात्र शाबूत होती.

"रडतेस काय?"

"रडत नाही. राग येतोय."

"मग ठीक आहे."

थोडा वेळ दोघी दाणे भरत राहिल्या.

"आई, मी त्यांना एवढंच सांगणार होते की छत्तीस तास आपल्याकडे चालत नाहीत. ऐकून तरी घ्यायचं. मी काय खुर्ची मागितली?"

"तीच चूक केलीस. मागायला हवी होती." सासूबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं. "मी चाळीस वर्षं त्या खिडकीतून सांगत आले. चांगलं सांगितलं की ते ठरावात यायचं, कुणातरी बाबाच्या नावानं. वाईट झालं की खिडकीकडे बोट. तुला मी दाणा ओळखायला शिकवलं. पण त्यावर आपलं नाव घालायला नाही शिकवलं. मलाच येत नव्हतं, तर तुला काय शिकवणार?"

"आता काय करायचं?"

"ठरावात काय म्हटलंय?"

"टाकीला हात लावायचा नाही."

"मग लावू नका!" सासूबाई म्हणाल्या. "आजवर ठराव मोडून आपण त्यांची कामं निस्तरली. एकदा पाळून तर बघा."

वहिनींचे हात थांबले. "त्या टाकीत आपली फळं असतील. आपल्या बागेचा शेवटचा चांगला तोडा. नासला तर?"

"नासेल. तुझा एक हंगाम जाईल. माझे चाळीस गेले."

दुसऱ्या दिवशी वहिनी बाकीच्या दहाही घरांत जाऊन आल्या. कुणी लगेच हो म्हटलं, कुणी नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली आणि स्वतःच हसली. शेजारच्या काकूंनी मात्र दार अर्धवटच उघडलं.

"तुमचे दादा निदान बोलतात तरी. आमचे हे बोलत नाहीत, सरळ ताट भिरकावतात. मला नाही जमायचं गं."

"काकू, जबरदस्ती नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून मी तुम्हाला कमी समजणार नाही."

काकूंनी दार लावून घेतलं.

* * *

ठरल्या दिवशी बायकांनी फळं वेचली. एकही हिरवं फळ त्यात नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता यंत्राचा दांडा फिरवून साली काढल्या आणि दाण्यांच्या बादल्या टाकीच्या कट्ट्यावर ओळीने आणून ठेवल्या. मग हात धुतले आणि कट्ट्याखाली उतरून उभ्या राहिल्या.

"ओता की," सचिव म्हणाले.

"टाकीला हात लावायचा नाही असा ठराव आहे," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तो देखरेखीशिवाय..."

"कोण बघतंय, कोण नाही, कशाला वाद? प्रशिक्षित सभासद अकरा आहेत. प्रमाणपत्रं आहेत. त्यांनीच करावं. आमच्याकडून पुन्हा हलगर्जीपणा नको."

"हा संप आहे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"छे! संप कसला? आम्ही नियम पाळतोय."

सभासदांनी दाणे ओतले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना प्रथमच खाली उतरावं लागलं, तेव्हा दोन बादल्या कट्ट्यावरच सांडल्या, तो भाग सोडून देऊ. झाकण लागलं. सचिवांनी पाटीवर खडूने वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलंच तापलं. अकरा वाजल्यापासून सगळे टाकीभोवती जमलेले. बायका समोरच्या दाणे निवडायच्या ओट्यावर बसलेल्या, हात मांडीवर. दहाजणी. काकू नव्हत्या. सासूबाई कट्ट्याच्या सावलीला येऊन बसल्या होत्या.

साडेअकराला वहिनींच्या नाकाला तो वास आला. कुजका नव्हे, पिकलेल्या फळाचा गोडसर, किंचित आंबट. आता तासाभराचा प्रश्न होता, फार तर दीड. त्यांची बोटं आपोआप एकमेकांवर चोळली जात होती. त्या टाकीत त्यांच्या स्वतःच्या झाडांचे दाणे पडले होते. उठावं आणि जाऊन हात घालावा, असं त्यांना तीनदा वाटलं. तीनदा त्या बसून राहिल्या. हे लिहायला सोपं आहे. बसायला अवघड होतं.

तेवढ्यात ओट्याच्या टोकाशी कुणीतरी येऊन बसलं. काकू. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. फक्त हात मांडीवर ठेवले. अकरा झाल्या.

टाकीपाशी वेगळाच गोंधळ चालू होता.

"छत्तीस तास म्हणजे उद्या पहाटे," एकजण म्हणाला.

"मागच्या वेळी तेच केलं आणि मालाची माती झाली!"

"मग चोवीस करू."

"चोवीस का? कशावरून?"

"मध्ये कुठेतरी..."

दादांनी बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. दाणे मुठीत घेतले, चोळले. त्यांना काहीच कळलं नाही. पुन्हा चोळले. ओले दाणे ओल्या दाण्यांसारखे लागत होते. बावीस वर्षं घरात रोज जे चाललं होतं, ते आपण एकदाही हातात धरून बघितलेलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. कारण त्यांचा चेहरा उतरला.

"अगं," त्यांनी ओट्याकडे बघून हाक मारली. "जरा बघतेस का?"

"मी सभासद नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सभासद नसलेल्यांनी बोलू नये."

बरोबर बाराला त्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातल्या प्रशिक्षक बाई आल्या. कंपनीनेच त्यांना तपासणीला पाठवलं होतं. वयाने तरुण, पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी. त्यांनी पाटी वाचली, वास घेतला आणि भुवया उंचावल्या.

"धुवायला का घेतलं नाही अजून?"

"छत्तीस तास झाले नाहीत," सचिव म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"मी?" बाई बघतच राहिल्या. "मी सांगितलं होतं, डोंगरावर थंडीत छत्तीस तासही लागतात, खाली गरम हवेत पंधरा-वीसही पुरतात, म्हणून घड्याळ बघू नका, हाताने दाणे चोळून बघा. तासभर प्रात्यक्षिक दाखवलं होतं मी!"

अकरा सभासद आपापल्या बुटांकडे बघू लागले. प्रात्यक्षिक झालं होतं खरं. पण ओल्या टाकीत हात कोण घालणार, म्हणून मंडळी मागच्या रांगेत उभी राहिली होती, आणि एवढ्या सगळ्यातून आकडा तेवढा लिहून घेतला होता. जो हात कामाला लागणारच नाही, त्याने कामाचं काय लिहून घ्यावं?

"आणि पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," बाई म्हणाल्या, "घरी टाकीत हात कुणाचा असतो? ज्यांचा असतो त्यांनीच इथे बसा, बाकीच्यांनी घरी जाऊन त्या माणसाला पाठवून द्या. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. आता परत विचारते. इथे टाकीत हात कुणाचा असतो?"

सवयीने दोन-तीन हात वर जायला लागले. आणि तेवढ्यात दादा ओरडले, "खाली घ्या रे ते हात! किती वेळा खोटं बोलायचं?"

सगळे चमकून बघू लागले. दादांचा हात कोपरापर्यंत भिजलेला होता.

"बाई, मी खोटा हात वर केला होता. तीन दिवस जेवण, राहणं, वर प्रमाणपत्र. मला वाटलं, आपण सभासद, आपणच जायचं. तिथून आकडा आणला आणि तिला गप्प केलं. तिनं सांगितलं होतं मला, नासेल म्हणून! माल नासला आणि सभेत लोक तिलाच हसले. सगळ्यांबरोबर मीही हसलो." ते ओट्याकडे वळले. "टाकीतला हात माझा नाही. तिचा आहे."

टाकीत बुडबुडे फुटत होते.

"आता बोल गं," दादा म्हणाले. "चुकलो मी."

वहिनींचे डोळे भरून आले. पण त्या उठल्या नाहीत. वाचकहो, इथे दुसरी कुणी असती तर पाघळली असती, आणि गोष्ट इथेच संपली असती. नवऱ्याने चारचौघांत चूक कबूल केली, आणखी काय हवं? पण कबुली नवऱ्याची होती. नियम तसाच होता.

"तुम्ही चुकलात ते तुम्ही म्हणालात. बरं वाटलं," वहिनी म्हणाल्या. "पण मला रजिस्टरात नाव हवंय. सभासद म्हणून."

सचिव गडबडले. "वहिनी, ही काय वेळ आहे? माल नासेल! आधी दाणे बघा, मग पुढच्या सभेत विषय घेऊ."

"पुढच्या सभेत मी खिडकीत असेन, आणि मला बोलता येणार नाही. तुमचाच नियम. आज सगळे सभासद इथे हजर आहेत. नियम सभासदांनी केला, सभासद बदलू शकतात."

"जमीन तुमच्या नावावर नाही..."

"जमीन आंबवायची नाहीये, सचिवसाहेब! दाणे आंबवायचेत."

यावर प्रशिक्षक बाईंना हसू आवरेना. सचिवांनी घाम पुसला, टाकीकडे बघितलं, आणि रजिस्टर आणायला धावले. सज्जन माणूस होता, असं आम्ही म्हटलंच आहे. आल्या आल्या त्यांनी पेन उघडलं.

"ठीक आहे. खास बाब म्हणून तुमचं एकटीचं नाव घालतो. झालं समाधान?"

वहिनींनी एकदा टाकीकडे पाहिलं. वास बदलू लागला होता. गोडवा मागे सरून आंबटपणा पुढे येत होता. आणखी अर्धा तास, फार तर. मग त्यांनी ओट्याच्या टोकाशी पाहिलं, जिथे काकू मान खाली घालून बसल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "अकरा नावं."

"अहो पण..."

"जी टाकीत हात घालते ती सभासद. प्रशिक्षणाला ती जाईल. सभेत आत बसेल. मत देईल. असा ठराव लिहा. मी एकटी आत येऊन काय करू? उद्या मलाही तुम्ही हसून गप्प बसवाल. अकरा जणींना हसायला तुम्हाला जरा जास्त दम लागेल!"

"माझा पाठिंबा!" दादा म्हणाले आणि ओला हात वर केला. त्याच्यामागे आणखी एक हात आला. मग दोन. काकूंचे यजमान हात बांधून उभे होते, तोंड वाकडं करून. त्यांनी हात वर केला नाही. पण त्यांच्यावाचूनही संख्या पुरली, आणि काकूंनी ते मान वर करून, नीट मोजून पाहिलं.

सचिवांनी ठराव लिहिला. वहिनींनी तो शेवटपर्यंत वाचला. घाई असूनही वाचला. मग सही केली, पेन पुढे दिलं, आणि कट्ट्यावर चढून टाकीत कोपरापर्यंत हात घातला.

मूठ वर आली. दाणे चोळले. कट्ट्याखाली बसलेल्या सासूबाईंनासुद्धा करकर ऐकू गेली.

"आत्ता!" वहिनी ओरडल्या. "पाणी सोडा! पहिलं पाणी शोषखड्ड्यात, ओढ्यात नाही! तो बोळा काढा आधी! अहो, असे बघता काय? बादली धरा!"

आणि सभासदांनी, जुन्या आणि नव्या, बादल्या धरल्या.

* * *

माल पास झाला. कंपनीचं पत्र आलं, नियमित खरेदी सुरू झाली, दलाल दारातून हलले आणि सावलीची झाडं जागेवर राहिली. म्हणून सगळं गोडगोड झालं असं समजू नका. काकूंचे यजमान महिनाभर घरात बोलले नाहीत. काकू म्हणतात, महिना फार शांततेत गेला. दोन घरांत अजून धुसफूस आहे. दादांना जाळीवर दाणे फिरवायला बसवलं की अजून पाठ दुखते, आणि तसं ते दर अर्ध्या तासाने सांगतात.

पुढच्या महिन्यात सभा भरली. बाक कमी पडले म्हणून शाळेतून आणले. सचिवांनी चष्मा लावला, कागद समोर धरला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने सुरुवात केली.

"सभासद बंधूंनो—"

अकरा जणी एकदम उठून उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही, कुणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. सचिवांनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. छापील कागदावर 'बंधूंनो' एवढंच होतं. शेवटी त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"सभासद भगिनींनो आणि बंधूंनो," ते म्हणाले.

तेव्हा त्या बसल्या.

नागरिकहो, ही गोष्ट कॉफीची आहे, पण कॉफीपुरती नाही. जमीन, पाणी, झाडं राखायची असतील तर ती ज्यांच्या हातांनी राखली जातात, त्यांना विचारावं लागतं. नुसतं विचारून भागत नाही, ठरवायचा अधिकारही द्यावा लागतो. तुमच्या घरात, कचेरीत, संस्थेत काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं असं काही चाललं असेल, तर ते आजच दुरुस्त करा. आणि तुम्ही जर ती काम करणारी बाई असाल, तर बोलावण्याची वाट बघू नका. आत जा, आणि खुर्ची ओढून बसा!